अडचण एकही नाही

अर्जमास्तरांचा अर्ज नामंजूर झाल्याची बातमी त्यांच्या घरी पोचायच्या आधी सगळ्या इमारतीत पोचली होती. पोस्टमननं पाकीट चुकून तळमजल्यावरच्या शिवणकाकूंकडे टाकलं. पाकिटाची कड मुळातच सुटलेली होती, त्याला काकू तरी काय करणार? त्यांनी ते फक्त खिडकीपाशी उजेडात धरलं. मग पाकीट द्यायला जिना चढताना त्यांना दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले भेटले, आणि विमावाल्यांपासून काही लपवून ठेवणं काकूंच्या स्वभावात नव्हतं.

"कुणाचा अर्ज? मास्तरांचा?" विमावाले जिन्यातच खाली बसले. "अहो, माझा रजेचा अर्ज त्यांनी लिहिला, तर साहेबांनी मला मागितली त्याच्या दुप्पट रजा दिली होती!"

अर्जमास्तर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क होते आणि इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाचा एक तरी अर्ज त्यांच्या हातचा होता. अक्षर मोत्यासारखं. भाषा अशी की वाचणाऱ्यानं खुर्चीत सरळ होऊन बसावं. अर्जाबद्दल त्यांची काही मतं होती आणि ती ते न विचारता सांगत. त्यातलं पहिलं मत असं, की अर्जात दुबळेपणा दिसता कामा नये. अर्जदार कसा सक्षम आहे, सज्जन आहे, त्याला काही दिलं तर देणाऱ्याचीच कशी शोभा वाढेल, हे अर्जात दिसलं पाहिजे. या मतावर आजवर नळ आले होते, बदल्या थांबल्या होत्या आणि एका गृहस्थांना तर न मागता पंखा मिळाला होता.

आणि आता स्वतःच्या लेकीचा अर्ज परत आला होता.

लेकीला भूगर्भशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला होता. तिला लहानपणापासून फारच कमी ऐकू येई. कानांतल्या यंत्रांमुळे आवाज पोचत, शब्द पोचत नसत. शब्द ती समोरच्याच्या ओठांवरून उचलायची. उच्च शिक्षण घेणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांसाठी सरकारी साहाय्य होतं. त्यातून शिक्षकांनी गळ्यात अडकवायचा एक छोटा माइक मिळणार होता, जो थेट तिच्या यंत्रांशी जोडला जातो, आणि वर्गात शेजारी बसून टिपणं काढणाऱ्या माणसाचं मानधनही मिळणार होतं. घरच्यांनी स्वतः हे करायचं म्हटलं तर ते झेपणारं नव्हतं. लेकीनं एकदाच, शांतपणे सांगितलं होतं, "साहाय्य मिळालं तर मी जाते. नाही मिळालं तर प्रवेश सोडते."

"सोडते म्हणजे काय?" अर्जमास्तरांना ते कळलंच नव्हतं. पदवी तिनं काहीही न मागता मिळवली होती, तीही पहिल्या वर्गात. पण त्यांनी वाद घातला नाही. अर्ज ते लिहिणार होते, तेव्हा मिळणार की नाही हा प्रश्नच नव्हता.

पत्रात दोनच वाक्यं होती. 'अर्जदार विद्यार्थिनीस साहाय्याची आवश्यकता असल्याचे दिसून येत नाही. सबब अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' अर्जमास्तरांनी ते तीनदा वाचलं. मसुद्यात एकही खोट सापडली नाही, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि साहाय्य कार्यालय गाठलं. तिथं खिडकीमागे एक लिपिकबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं, कपाटातून फाइल काढली आणि शांतपणे वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"काका, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो," अर्जमास्तर म्हणाले. स्तुती ऐकून घ्यायच्या वेळी चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना सवयीनं माहीत होतं.

"रकाना चौदा. घरी व महाविद्यालयात येणाऱ्या अडचणी, सविस्तर." बाईंनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "'ईश्वरकृपेने अडचण एकही नाही. विद्यार्थिनी कुशाग्र बुद्धीची असून कोणत्याही बाबतीत कोणावरही अवलंबून नाही. तिच्याशी बोलणाऱ्यास तिला कमी ऐकू येते हे सांगूनही खरे वाटत नाही.'"

"अक्षरशः खरं आहे!"

"आणि सोबत अकरा प्रशस्तिपत्रं. यातलं हे एक तर वक्तृत्वाचं आहे."

"दुसरा क्रमांक," अर्जमास्तर म्हणाले. "पहिला परीक्षकांच्या पुतणीला दिला."

बाईंनी फाइल मिटली. "काका, हा अर्ज आहे की स्थळाची माहिती? हे वाचून आमच्या साहेबांनी मलाच विचारलं, हिला आपण काय द्यायचं? उलट हिनंच आपल्याला काहीतरी द्यावं."

खिडकीसमोरच्या बाकावर बसलेले दोघं हसले. अर्जमास्तरांचे कान तापले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा मसुदा असा उघड्यावर कुणी वाचून दाखवला नव्हता. पण बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनीच सांगितलं की पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. श्रवणचाचणीचा दाखला नवा लागेल, एक अधिकारी घरी येऊन पडताळणी करतील, आणि रकाना चौदा नव्यानं भरावा लागेल.

"दाखला नवा कशाला? जुना आहे की."

"तो सव्वा वर्षापूर्वीचा आहे. वर्षाच्या आतला लागतो."

"अहो, पण तिला ऐकू येत नाही ते काय मुदतीवर आहे का?"

"नियम आहे," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सुया हातात घेतल्या. "मध्यंतरी ऐकू यायला लागलं असेल, तर सरकारला कळायला नको?"

श्रवणचाचणीचा विभाग रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत होता. तिथली पद्धत अशी : सगळ्यांनी बाकांवर बसायचं. दाराशी एक शिपाई उभा असायचा. तो प्रत्येकाचं नाव दोनदा पुकारायचा, आणि कुणी उठलं नाही तर तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी जायचा. बाकांवरच्या एकालाही नीट ऐकू येत नव्हतं, हे उघडच होतं, कारण ज्यांना ऐकू येत होतं त्यांचं तिथं काही काम नव्हतं. पण ही पद्धत ज्यानं कुणी बसवली, त्याला ते सुचलं नसावं. काही माणसं सकाळपासून तिथं प्रसन्न चेहऱ्यानं बसून होती.

"तू निश्चिंत बस," अर्जमास्तर लेकीला म्हणाले. "माझं लक्ष आहे."

लेक निश्चिंत बसली. अर्जमास्तरांचं लक्षही होतं, पण समोरच्या भिंतीवर एक सूचना लावली होती. सूचना कसली, सात ओळींचं एकच वाक्य होतं, आणि त्यात क्रियापद शोधूनही सापडत नव्हतं. अर्जमास्तरांना असलं काही पाहवत नसे. ते उठून जवळ गेले आणि मनातल्या मनात वाक्य दुरुस्त करायला लागले. तेवढ्यात लेकीनं येऊन त्यांची बाही ओढली.

"बाबा, आपलं नाव घेतलं."

"नाही गं. मी इथं उभा आहे ना? मला ऐकू आलं नाही, तर तुला कुठून येणार?"

"त्याचे ओठ बघितले."

"भास झाला असेल," अर्जमास्तर म्हणाले आणि तिला प्रेमानं बाकावर नेऊन बसवलं. दोन तासांनी त्यांनी चौकशी केली तेव्हा कागद गठ्ठ्याच्या तळाशी होता. शिपाई म्हणाला, "दोनदा पुकारलं की हो. तुम्हालाही तपासून घ्यायचं असेल तर कागद काढा." लेकीनं तोंडाला रुमाल लावला. ती हसत होती की शिंक दाबत होती, ते अर्जमास्तरांनी पाहायचं टाळलं.

दाखला मिळायला आणखी तीन फेऱ्या झाल्या. एकदा यंत्र बंद होतं, एकदा सही करणारे डॉक्टर रजेवर होते, आणि एकदा सगळं जागेवर होतं पण शिक्क्याच्या कपाटाची किल्ली घरी राहिली होती. त्या सगळ्याचं अर्जमास्तरांना फारसं काही वाटलं नाही. ते स्वतः सरकारी माणूस होते. किल्ली घरी राहू शकते. त्यांना कुरतडत होता तो रकाना चौदा.

कारण बसल्यावर त्यांना एकही अडचण सुचेना.

तीन संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले. पहिल्या संध्याकाळी लिहून झालं, '१. दारावरची घंटा ऐकू येत नाही.' मग पत्नीनं आठवण करून दिली की घंटा वर्षभर बिघडलेली आहे आणि ती कुणालाच ऐकू येत नाही. तो मुद्दा खोडला.

दुसऱ्या संध्याकाळी विमावाले आणि शिवणकाकू मदतीला आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी बोलावण्याची वाट पाहणारी ती माणसं नव्हती.

"तुमचं मूळ धोरण चुकलं," विमावाले म्हणाले. "मी इतकी वर्षं विमा विकतो. माणसाला त्याचं बरं चाललंय असं सांगून कधी पॉलिसी खपते का? आधी त्याला घाबरवावं लागतं. तुम्ही साहेबाला घाबरवा."

"रडवा," शिवणकाकू म्हणाल्या. "असं लिहा की वाचून त्याला घास गोड लागू नये."

अर्जमास्तरांनी खूप दिवसांनी दुसऱ्याचा सल्ला मानला. त्यांनी एका बैठकीत दीड पान लिहून काढलं आणि खाकरून वाचून दाखवलं, "'सदर अभागी कन्येचे जीवन म्हणजे अंधकाराने वेढलेली एक अखंड वाटचाल असून...'"

"अंधार कुठून आला?" स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. "कानाचं आहे ना? डोळे चांगले आहेत तिचे."

"अगं, ते अलंकारिक आहे."

"आणि अभागी कुणाला म्हणताय? माझ्या घरात राहून अभागी?"

शिवणकाकूंनी मात्र पदर डोळ्यांना लावला होता. तेवढ्यात लेक ग्रंथालयातून घरी आली. विमावाल्यांनी झटकन कागद बुडाखाली घेतला आणि सगळे जण तिच्याकडे बघून एकदम हसले. ती गोंधळून थांबली, मग तीही हसली आणि आत गेली.

"तिलाच विचारलं तर?" पत्नी हळूच म्हणाली.

"काय विचारायचं? बाळ, तुझ्यात काय काय कमी आहे ते सांग, असं?" अर्जमास्तर म्हणाले. "तिच्या मनाला काय वाटेल? नाही. हे आपलं आपण निभावू."

इथं गोष्ट सांगणाऱ्यानं मध्ये बोलू नये असा संकेत आहे, पण राहवत नाही. चार मोठी, शहाणी माणसं तीन संध्याकाळी एका प्रश्नाचं उत्तर शोधत होती. उत्तर पलीकडच्या खोलीत पाय पसरून दगडांचं पुस्तक वाचत होतं. आणि तिला कळू नये म्हणून ही माणसं हळू आवाजात बोलत होती.

पडताळणीचा दिवस उजाडला. अर्जमास्तरांनी शेजाऱ्यांना नीट बजावलं होतं. अधिकाऱ्यांनी विचारलं तर खरी परिस्थिती सांगायची, तिला किती त्रास होतो ते सांगायचं, कौतुक करायचं नाही. दोघांनी माना डोलावल्या. घर मात्र पत्नीनं असं घासूनपुसून ठेवलं होतं, पडद्यांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं असं बदललं होतं, की तिथं कुणाला कसली अडचण असेल असं भिंतींनाही वाटलं नसतं.

अधिकारी आले. मध्यम वयाचे, गुळगुळीत दाढी केलेले, प्रत्येक शब्द वेगळा उच्चारणारे गृहस्थ होते. त्यांनी चहा नको म्हटलं आणि वही उघडली. आधी शेजाऱ्यांकडे वळले.

"तुम्ही हिला रोज पाहता. हिला काय त्रास होतो?"

विमावाल्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते साहेबाला घाबरवायच्या तयारीत दिसत होते. पण समोर लेक बसली होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. लहानपणी ती त्यांच्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूला चित्रं काढायची. विमावाले विरघळले.

"त्रास? साहेब, काय सांगू? हिच्यासारखी मुलगी लाखात नाही. माझी तीन मुलं एका बाजूला आणि ही एका बाजूला."

"मी तर म्हणते, तिला ऐकू येतं," शिवणकाकू पुढे सरसावल्या. "माझं मशीन धडधडत असतं, ही जिन्यानं उतरते, मी मागून हात केला की लगेच वळून बघते!"

काकूंच्या दारासमोर जिन्यात एक मोठा आरसा लावलेला आहे, हे कुणीच सांगितलं नाही. अर्जमास्तर पायानं काकूंची चप्पल दाबायचा प्रयत्न करत होते, पण ती विमावाल्यांची चप्पल निघाली.

मग अधिकारी लेकीशी बोलले. विषय कोणता, प्रकल्प कशावर केला, पुढं काय करायचंय. लेकीनं सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. दोन प्रश्नांची तर प्रश्न पुरता व्हायच्या आत दिली. अधिकाऱ्यांचे ओठ छापील अक्षरासारखे स्वच्छ होते. अर्जमास्तरांना कळत होतं की बुडालो. वहीत 'संभाषण उत्तम' असं लिहिलं गेलेलं त्यांनी उलट्या बाजूनं वाचलं. तरीही छाती फुगायची ती फुगलीच. तिला आवरणं त्यांच्या हातात नव्हतं.

अधिकाऱ्यांनी वही मिटली. ती पिशवीत ठेवायला ते खाली वाकले आणि वाकल्या वाकल्याच म्हणाले, "आणि कॉलेज सुरू कधी होतंय?"

लेक त्यांच्या पाठीकडे बघत बसली होती, तोंडावर तसंच हसू ठेवून.

"पुढल्या महिन्यात," अर्जमास्तर म्हणाले.

अधिकारी वाकलेलेच थांबले. मग सावकाश सरळ झाले. "मी यांना विचारलं होतं."

"हो, पण तिला... म्हणजे तुमचं तोंड तिकडे..."

"तिला कळलं नाही की मी काही विचारलं."

"एरवी तसं कळतं तिला. आम्ही असतो ना. आम्ही सांगतो."

अधिकाऱ्यांनी पिशवीतून वही परत काढली, फाइलमधला जुना अर्ज उलगडला आणि चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे तुम्ही लिहिलंत. भाषा सुंदर आहे. पण हा रकाना अर्जदाराचा आहे. यांना विचारून लिहिलंत का?"

अर्जमास्तरांनी रकान्यातल्या आपल्या मोत्यासारख्या अक्षराकडे बघितलं. अधिकाऱ्यांनी लेकीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मुदत उद्या दुपारी संपते. उद्या बारापर्यंत हा रकाना तुमच्या शब्दांत माझ्याकडे आला पाहिजे. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

ते गेले. शेजारीही गेले, म्हणजे दाराबाहेर जाऊन जिन्यात थांबले. लेक उठली, कोरे कागद घेऊन आली आणि टेबलावर वडिलांपुढं ठेवले.

"बाबा, तुम्ही लिहा. मी सांगते. अक्षर तुमचं चांगलं आहे."

"बरं," अर्जमास्तर म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून...'"

"नको. मी बोलते तसंच लिहा."

"तसंच?"

"तसंच."

आणि ती सांगायला लागली. ती खिडकीकडे बघत बोलत होती, त्यामुळे मध्ये काही विचारायचं तर तिला कळणार नव्हतं. अर्जमास्तरांना लिहीत राहण्याशिवाय इलाज नव्हता.

एक. शिक्षक फळ्याकडे तोंड करून शिकवतात, म्हणून अर्धा तास नुसती पाठ दिसते. दोन. डोंगरावर दगड बघायला जातो तेव्हा सर दगडाकडे तोंड करून बोलतात. दगडाला सगळं कळतं, मला नाही. तीन. पडद्यावर चित्रं दाखवताना दिवे बंद करतात. अंधारात ओठ दिसत नाहीत, चित्रं दिसतात पण ती कशाची ते कळत नाही. चार. तीन वर्षं एका मैत्रिणीच्या वह्या उतरवून घेतल्या. त्या बदल्यात तिच्या सगळ्या आकृत्या मी काढल्या. तिनं पुढं शिकायचं सोडलं, आता वही नाही. पाच. दिवसभर ओठ वाचून संध्याकाळी डोळे इतके दुखतात की घरी आल्यावर तासभर पुस्तक उघडून नुसती बसते. सहा. परीक्षेची खोली बदलल्याचं सांगितलं तेव्हा मी मान खाली घालून लिहीत होते. रिकाम्या खोलीत वीस मिनिटं बसले.

"हे कधी झालं?" अर्जमास्तरांनी लिहिता लिहिता तिची बाही ओढून तिला आपल्याकडे वळवलं. "घरी बोलली नाहीस!"

"बोलले असते तर तुम्ही प्राचार्यांना अर्ज लिहिला असता."

"मग? लिहिलाच असता!"

"त्यात लिहिलं असतं की मला काहीच अडचण नाही."

स्वयंपाकघराच्या दारात पत्नी उभी होती. तिच्या हातातलं फडकं मघापासून त्याच एका जागी होतं. अर्जमास्तरांनी 'सात' असा आकडा घातला आणि वाट पाहिली.

"सात," लेक म्हणाली. "घरी."

"घरचं कशाला?"

"छापलंय तसं. घरी व महाविद्यालयात." "घरी सगळे एकदम बोलतात. कुणाकडे बघायचं ते कळत नाही. सगळे हसले की मीही हसते. नंतर कधीतरी आईला विचारते. आई म्हणते, काही नाही गं, असंच."

दारातून हुंदक्यासारखा आवाज आला. अर्जमास्तरांनी मान वर केली नाही. त्यांनी लिहिलं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी इतकं साधं वाक्य कागदावर उतरवलं नव्हतं, आणि इतक्या सावकाशही.

"आठ."

"बोल," अर्जमास्तर म्हणाले.

"राहू दे. झालं एवढंच."

"आठ आकडा घातलाय मी," अर्जमास्तर म्हणाले. "घातलेला आकडा रिकामा ठेवता येत नाही. बोल."

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं. अर्जमास्तरांना मिशी होती, हे सांगायचं राहूनच गेलं. पण त्यात नवल नाही, ती इतकी वर्षं तिथं होती की घरात कुणाला वेगळी अशी दिसतच नसे. भरघोस, वरच्या ओठावरून खाली उतरलेली मिशी होती ती. कार्यालयात तिला मान होता. नवे कारकून आधी तिला बघून उभे राहत आणि मग मास्तरांना नमस्कार करत.

"बाबांच्या मिशीमुळे," लेक म्हणाली, "बाबांचं बोलणं मला निम्मंच कळतं."

अर्जमास्तरांचं पेन थांबलं.

"आणि उरलेलं?" त्यांनी विचारलं. मग आठवण होऊन त्यांनी बोटांनी मिशी वर धरली आणि पुन्हा विचारलं, "उरलेलं निम्मं?"

"अंदाजानं. तुम्ही बहुतेक चांगलंच बोलत असाल, असं धरून चालते."

अर्जमास्तरांनी ते लिहिलं. एक शब्द बदलला नाही, एक विशेषण घातलं नाही. खाली तिनं सही केली. मुलीचा अर्ज पुन्हा वाचून न पाहता त्यांनी पाकिटात घातला, कारण पाहवला नसता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांनी पाकीट खिडकीत दिलं. लिपिकबाईंनी तिथंच उघडून वाचलं. आठव्या मुद्द्याशी त्या थांबल्या, अर्जमास्तरांच्या तोंडाकडे बघितलं, आणि बघितलंच नाही असं दाखवून शिक्का मारला. "आता अर्ज झाला बघा," त्या म्हणाल्या. मंजुरीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. पण ते येईल याची त्या दिवशी तरी कुणी खात्री देत नव्हतं, आणि अर्जमास्तरांनी मागितलीही नाही. ते कार्यालयात परत न जाता सरळ न्हाव्याकडे गेले.

"टोकं थोडी कातरायची ना?" न्हाव्यानं विचारलं.

"सगळी."

न्हाव्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला साक्षीला घेतलं आणि मगच वस्तरा लावला. काम झाल्यावर अर्जमास्तरांनी आरशात बघितलं. समोर एक साधासा, थोडा घाबरलेला माणूस होता. त्याचा वरचा ओठ पांढुरका आणि अगदी लहान होता. हा माणूस हेडक्लार्क असेल असं कुणालाही वाटलं नसतं.

घरी दार उघडलं ते पत्नीनं. "कोण हवंय?" असं म्हणून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला आणि खांद्यानं दार धरून पोटभर हसली. लेक टेबलाशी वाचत बसली होती. त्यांनी तिच्या समोरची खुर्ची ओढली, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी फिरवली, आणि बसले. तिनं मान वर केली. ती त्यांच्या चेहऱ्याकडे किती तरी वेळ बघत राहिली. हा चेहरा तिनं कधीच पाहिला नव्हता.

येताना त्यांनी बरंच काही मनाशी जुळवलं होतं. सुरुवात, मध्य, समारोप सगळं तयार होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"काय?" लेकीनं विचारलं.

या घरात तिनं बोलणाऱ्याला असं समोरच्या समोर कधी विचारलं नव्हतं. अर्जमास्तर पुढं झुकले आणि सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "चुकलं. माझं."

"परत सांगा ना, बाबा."

अर्जमास्तरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. आता मात्र त्यांचा तो नवा, लहानसा ओठ थरथरत होता, म्हणजे वाचायला जास्तच अवघड झालं असणार. पण या वेळी लेकीला कळलं. तिनं मान हलवली, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा पुस्तकात बघायला लागली.

पहिल्या दोन वेळेलाही तिला कळलं होतं की नाही, हे तिनं सांगितलं नाही. अर्जमास्तरांनीही विचारलं नाही.